‘थांबा’ बिघडवण्याची बैठक

अण्णांचं ऑपरेशन झालं. पाय वाचला. आता ते कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत एका दमात जातात, तिथल्या पाटीला नावं ठेवतात आणि एका दमात परत येतात. सिगारेट ओढली की नाही ते सांगणाऱ्या फुंकरीच्या यंत्रात त्यांनी फुंकलं तेव्हा काटा जागचा हलला नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून सर्जनबाईंनी स्वतः फुंकून पाहिलं.

वाचकांनी हे सगळं कृपया विसरावं. ज्या रविवारची ही गोष्ट आहे त्या सकाळी यातलं काहीही घडलेलं नाही, घडेल अशी चिन्हंही नाहीत आणि घरात कुणाला विचारलंत तर ते तुम्हालाच वेड्यात काढतील.

रविवारी सकाळी परिस्थिती अशी होती. अण्णांच्या डाव्या पायाची रक्तवाहिनी तुंबली होती. दहा पावलं टाकली की पोटरीत गोळा यायचा. सर्जनबाई म्हणाल्या होत्या, “सिगारेट ओढणाऱ्याची वाहिनी मी शिवत नाही. शिवलेलं उसवलेलं मला बघवत नाही.” अण्णांची बायको, म्हणजे माई, लोकांचे कपडे आखूड-सैल करून देते. तिला हे वाक्य इतकं पटलं की तिने त्याच दिवशी अण्णांच्या सगळ्या शर्टांचे खिसे शिवून बंद केले. गुरुवारी दवाखान्यात जाऊन यंत्रात फुंकायचं होतं. फुंकर स्वच्छ निघाली तर ऑपरेशन, नाहीतर नाही. आणि नाही म्हणजे पुढे पायाचं काय, ते सर्जनबाईंनी हाताने गुडघ्याखाली आडवी रेघ मारून दाखवलं होतं.

घराण्याचा आणि सिगारेटचा संबंध तसा जुना. अण्णांच्या वडिलांनी गावभर भिंतींवर दोन-दोन मजली सिगारेटी रंगवल्या. मग कायदा आला. अण्णांनी त्याच भिंती पांढऱ्या करून त्यांच्यावर ‘धूम्रपानास सक्त मनाई’ लिहिलं. लिहिताना दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे सिगारेट तोंडातच असायची. दोन्ही वेळा अक्षर सुरेख होतं आणि दोन्ही वेळा लोकांनी मान वर करून पाहिलं. तिसरी पिढी म्हणजे अण्णांची धाकटी मुलगी. ती भिंतीवर चढत नाही. ती एका दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून मोबाइलचे पडदे आखते, आणि गेले काही महिने तिने ‘पुरे’ नावाचं ॲप आखायला घेतलं होतं. सिगारेटची तलफ आली की बटण दाबायचं. पडदाभर ‘थांबा’ असा शब्द उमटतो, मागे एक वर्तुळ फुगतं आणि आकसतं, त्याच्या तालावर श्वास घ्यायचा. तेवढ्यात तलफ ओसरते. पहिला प्रयोग अर्थातच घरातल्यावर. अण्णांनी ॲप घेतलं आणि त्या दिवसापासून एकही सिगारेट ओढली नाही. ऑफिसातल्या मुख्य बाईंनी खूश होऊन धाकटीला जुनी खुर्ची बदलून नवी दिली होती.

“अण्णा, फोन द्या जरा,” धाकटी म्हणाली.

जेवणाच्या टेबलाशी सगळे होते. माई एका पँटची शिलाई उसवत होती. अण्णांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, गॅलरीच्या दाराला टेकून खुर्ची टाकून बसली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढल्यामुळे ये-जा होईल अशाच जागी बसायची तिला सवय होती. थोरल्या मुलीची दवाखान्यात नर्सची पाळी होती, म्हणून तिचा नवरा एकटाच आला होता. तो आल्या आल्या “गाडी बघून येतो” म्हणून खाली गेला होता. जावई दिवसातून बऱ्याच वेळा गाडी बघून येतो. गाडी कधीच बिघडलेली नसते, आणि परत येताना तो पुदिन्याच्या गोळीच्या वासात येतो. घरात सगळ्यांना सगळं माहीत आहे, एक गाडी सोडून.

“आता काय काढलंस?” अण्णांनी फोन पुढे सरकवला.

“काढलं नाही. दुरुस्त केलं. तुम्ही म्हणत होतात ना, ‘थ’ची गाठ बुटाच्या नाडीसारखी आहे, अनुस्वार कान्यावरून घसरतोय, ‘ब’चं पोट सुटलंय...”

“फाटलंय म्हणालो होतो.”

“शिवलं. सगळं पहिल्यापासून हाताने काढलं. बघा.”

अण्णांनी हात लांब करून फोन धरला, रस्त्यापलीकडची पाटी बघावी तसा. बटण दाबलं. पाहिलं. मान एकदा डावीकडे कलवली, एकदा उजवीकडे.

“छान,” ते म्हणाले.

माईची कात्री थांबली. आत्याने कप बशीत ठेवला, तोही आवाज न करता.

धाकटीचे कान गरम झाले. हा शब्द अण्णांना येतो हेच तिला माहीत नव्हतं. शाळेत तिने पहिलं चित्र दाखवलं तेव्हा ते “कागद चांगला आहे” म्हणाले होते. थोरलीच्या लग्नातला मांडव तिने रात्रंदिवस राबून सजवला होता, तो पाहून म्हणाले होते, “उभा आहे.” आणि आता अख्खं ‘छान’, पुढे ‘पण’ नाही. परत एकदा म्हणा, मी रेकॉर्ड करते, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने चहा प्यायला. चहा संपलेला होता.

अण्णांनी फोन पालथा ठेवला. थोडा वेळ भिंतीकडे पाहिलं. मग त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, शिवणीला अडखळून परत आला.

“जरा गॅलरीत जातो,” ते उठले. “ब्रशना हवा लागली पाहिजे.”

“ब्रशना?” आत्या म्हणाली. “पाट्यांचं दुकान बंद करून किती दिवस झाले, तेव्हा नाही लागली हवा?”

“सरक गं जरा.”

“त्या ब्रशच्या डब्यात काय आहे, अण्णा?”

“ब्रश.”

“दाखव.”

डब्यात ब्रश होते. आणि ब्रशांच्या मधोमध, केसांचा नसलेला असा एक पांढरा ब्रश होता.

“ही कधीची?” आत्याने ती दोन बोटांत उचलली.

“जुनी आहे. लक्षातच नव्हती. आत्ता आठवली.”

“आत्ताच बरी आठवली! तलफ आली तर बटण दाबायचं ना?”

“दाबलं की. तुझ्यासमोर दाबलं.”

“मग?”

“मग काय? ‘थांबा’ दिसलं. छान आहे. बघून झालं.” अण्णा प्रामाणिकपणे गोंधळले होते. “आता पुढे काय करायचं?”

आत्याने सिगारेट कुंडीतल्या ओल्या मातीत खोचली. “आंघोळ करायची,” ती म्हणाली. “उठ. टॉवेल मी बघून देते.” आणि तिने टॉवेलच्या घड्या खरोखरच उलगडून बघितल्या.

*

माईला हे होणार हे ठाऊक होतं. नवी पाटी लावल्यावर दुकान चालेनासं होतं तसं काहीसं. ती धाकटीला स्वयंपाकघरात घेऊन गेली, आत्या मागोमाग आली, आणि माईने कपाटावरून खाकी कागदांची गुंडाळी काढली. पँटी बेतायचे कागद होते ते. एका पँटच्या गुडघ्यावर पेन्सिलीने ‘थ’ काढला होता. मांडीवर आणखी सहा-सात. एका कॉलरच्या कागदावर नुसते अनुस्वार होते, बारीक, मोठे, चौकोनी, जसे काही कॉलरला गोवर आला होता.

“हे काय?” धाकटीने विचारलं.

“तुझं ॲप.”

“म्हणजे?”

“अगं, ते श्वासबिस काही घेत नव्हते. चिडत होते.” माईने कागद ओट्यावर पसरला. “तलफ आली की बटण दाबायचे. ते तुझं आधीचं ‘थांबा’ दिसलं की लाल व्हायचे. ‘हे अक्षर आहे? याला अक्षर म्हणतात?’ मग पेन्सिल शोधायची, माझा कागद ओढायचा आणि बसायचं दुरुस्त करत. ते मनासारखं होईपर्यंत जेवायची वेळ व्हायची. सिगारेट राहून जायची.”

धाकटी ओट्याला टेकली. “आणि ते वर्तुळ? त्यावर मी दोन आठवडे घालवले.”

“वर्तुळ अंड्यासारखं आहे म्हणाले.”

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? तू किती जीव ओतला होतास. म्हटलं, वाईट आहे म्हणून चांगलं चाललंय, कशाला बोलायचं?”

“ते वाईट नव्हतं. घाईत केलेलं होतं.”

“बरं. घाईत केलेलं होतं म्हणून चांगलं चाललं होतं.”

आत्या इतका वेळ गप्प होती, म्हणजे ती निकाल तयार करत होती. “जुनं परत टाक,” ती म्हणाली.

“आत्या, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला छान म्हटलंय.”

“त्याचा पाय पण पहिल्यांदाच जातोय.”

माई हळूच सरकून आत्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. एरवी या दोघींचं मिठाच्या डब्याच्या जागेवरूनही एकमत होत नाही. धाकटीने बाजू मोजल्या. ओट्याच्या तिच्या बाजूला फक्त मिक्सर होता.

तिने लॅपटॉप उघडला आणि जुनं ‘थांबा’ अण्णांच्या फोनवर परत टाकलं.

*

अण्णा केस पुसत बाहेर आले. बटण त्यांनी आपणहूनच दाबलं, म्हणजे तलफ होतीच. सगळ्या जणी दुसरीकडे बघत त्यांच्याकडे बघत होत्या.

“हे जुनं आलं,” ते म्हणाले.

“हो का?” धाकटी म्हणाली. “चुकून आलं असेल. कसं वाटतंय?”

“कसं वाटायचं?”

“म्हणजे, त्या ‘ब’चं पोट बघा ना. फाटलंय.”

“असू दे. तुला नीट काढता येतं हे कळलं ना आता. लहानपणीचा फोटो बघून कुणी म्हणतं का, दात कुठे गेले?” त्यांनी प्रेमाने फोन खाली ठेवला. “खाली जाऊन पाय मोकळे करून येतो.”

“कुठले पाय?” आत्या दारात उभी राहिली. “एकच मोकळा आहे तुझा.”

“पेपर आणतो.”

“पेपर आलाय. वाचून दाखवू? पहिल्या पानापासून दाखवते.”

आत्या पेपर वाचायला लागली. एक्स्चेंजमधल्या आवाजात वाचलेली बातमी मधे तोडता येत नाही, त्यामुळे अण्णा बसले. तेवढ्यात धाकटीने ओट्यावर लॅपटॉप ठेवून मन घट्ट केलं आणि आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम करायला घेतलं. ‘थ’ लठ्ठ केला, ‘ब’ रोड केला. शिरोरेषा मधेच तोडली. अनुस्वार इतका वर नेला की तो दुसऱ्याच शब्दाचा वाटावा. मागे जांभळा रंग, त्यावर पिवळी अक्षरं. माईने बघून तोंडावर पदर धरला आणि मान हलवून मंजुरी दिली.

अण्णांनी ते पाहिलं. थोडा वेळ पाहिलं. मग चष्मा काढला.

“मुद्दाम केलंयस.”

“नाही हो.”

“मुद्दामच. एवढं वेडंवाकडं आहे, पण शब्द एका बाजूला कललेला नाही. तोल बघ. ज्याला सांभाळता येतो त्यालाच असा बरोबर पाडता येतो.” त्यांनी फोन परत दिला. “शिकलेल्या हाताची चूक आहे ही. छान.”

एका सकाळीत दुसरं ‘छान’. धाकटी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. अण्णांना वाटलं, आनंदाने रडतेय, तेव्हा आता तिला एकटी सोडावी आणि खाली जाऊन यावं.

“आता काय करायचं?” माई कुजबुजली.

“मुद्दाम केलेलं चालत नाही त्याला,” आत्या म्हणाली. “मनापासून वाईट काढणारं कुणीतरी पाहिजे. चांगलं समजून.”

दार उघडलं. पुदिन्याचा वास आला.

“गाडी ठीक आहे,” जावई म्हणाला.

*

जावई लिफ्ट तपासनीस आहे. गावातल्या प्रत्येक लिफ्टमध्ये काचेखाली जो तपासणीचा दाखला असतो, तो त्याच्या हाताचा. छापील मजकूर चालत असताना तो सगळं हाताने लिहितो, कारण माणसाने लिफ्टमध्ये उभ्या उभ्या काहीतरी सुंदर वाचावं असं त्याला वाटतं. अण्णा त्याला एकदाही काही बोलले नाहीत. फक्त ते वर्षानुवर्षं जिन्याने जात. डॉक्टरांना ती चांगली सवय वाटली होती.

लग्नानंतर जावयाने घराच्या दारावरची पाटी रंगवून देतो असं सुचवलं होतं. अण्णा तेव्हा इतके पांढरे पडले की त्यांना झोपवावं लागलं. त्यानंतर या घरात त्याच्या हाती कुणी साधा खडू दिला नव्हता. कपबशी द्यायचे, ताट द्यायचे, नातवंडांना द्यायचे. खडू नाही.

म्हणून माई जेव्हा म्हणाली, “जावईबापू, तुम्ही एक शब्द लिहून द्याल का?” तेव्हा तो आधी मागे वळून बघता झाला.

“मी?”

“तुमचं अक्षर किती ठसठशीत. धाकटीला हवंय, अण्णांच्या ॲपसाठी.”

“भाऊजी, प्लीज,” धाकटी डोळे पुसत म्हणाली. तिचे ओले डोळे बघून जावयाला शंकेला जागाच उरली नाही.

“तुम्ही सगळे इतके कलाकार लोक, आणि मी...” त्याने बाह्या वर केल्या. साबणाने हात धुतले. धाकटीने त्याच्यासमोर टॅब्लेट ठेवला आणि तो जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून बोटाने लिहू लागला.

“अनुस्वार कुठे देऊ?”

“तुम्हाला वाटेल तिथे,” माई म्हणाली.

त्याला वाटलं तिथे त्याने दिला. धाकटीने टेबलाखाली स्वतःचे हात एकमेकांत अडकवून ठेवले होते, नाहीतर ते आपोआप पुढे आले असते. ‘थ’ खुर्चीवरून घसरलेल्या माणसासारखा बसला होता. ‘ब’ त्याला उचलायला वाकला होता. दोन काने होते, ते एकमेकांच्या ओळखीचे नव्हते. आणि एवढं झाल्यावर जावई थांबेल असं वाटलं तर त्याने अक्षरांना सावली द्यायला घेतली, ‘थ’ला डावीकडून, ‘ब’ला उजवीकडून, म्हणजे मधे कुठेतरी दोन सूर्य असावेत.

“खाली एक फूल काढू?”

“काढा ना,” आत्या म्हणाली. तिचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा किंचित हलला.

*

अण्णांनी बटण दाबलं.

मानेपासून वर रंग चढत गेला. ओठ उघडले. “हे... हे कुणी...”

“मी,” जावई म्हणाला. तो समोरच उभा होता, बाह्या अजून वरच होत्या.

मुलीला बोलता येतं. स्वतःच्या मुलीला माणूस पोट फाटलंय म्हणू शकतो, गाठ सुटली म्हणू शकतो, आणि एकदा म्हटलं की राग निम्मा होतो. जावयाला काय म्हणणार? अण्णांनी उघडलेलं तोंड मिटलं. राग आत गेला आणि आतच राहिला, आणि जागा भरपूर असल्यामुळे वाढू लागला.

“वेगळं आहे,” ते म्हणाले.

“आवडलं तुम्हाला?”

“नजर हटत नाही.”

“दोन सावल्या मी मुद्दाम...”

“दिसल्या. दोन्ही दिसल्या.” त्यांनी फोन ठेवला. उचलला. परत ठेवला. “माई, कागद आहे का एखादा? मोठा दे. आणि पेन्सिल. टोक केलेली.”

माईने अख्खी गुंडाळी दिली. अण्णा टेबलाशी बसले ते जेवणाची ताटं आली तरी उठले नाहीत. पेन्सिलीचा आवाज तेवढा येत होता. मधेच ते “फूल!” एवढंच म्हणायचे आणि परत खाली मान घालायचे. आत्याने दारातली खुर्ची उचलून आत आणली. जावई सगळ्यांना ताक, पाणी, जे लागेल ते विचारत घरभर फिरत होता. दुपारपर्यंत गाडी बघायला जायचं तो साफ विसरला.

मागचं आवरताना अण्णांनी धाकटीला हळूच जवळ बोलावलं.

“तुझं ते छान होतं ते कुठे गेलं?”

“ते राहील की. बाकी सगळ्यांना तेच दिसणार. फक्त तुमच्या फोनवर हे.”

“माझ्यावरच का?”

धाकटीला खरं सांगता येईना. सांगितलं तर त्यांना कळलं असतं, आणि कळलेल्या गोष्टीवर अण्णा चिडत नाहीत. “वरून आदेश आहे,” ती म्हणाली.

“तू सांगून बघ ना वर.”

“माझं कोण ऐकतंय? तुम्हीच लिहा. ॲपमध्ये खाली ‘सूचना’ आहे बघा. ते वाचणारा वेगळा माणूस असतो.”

वेगळा माणूस कुणी नव्हता. सूचना तिच्याच फोनवर यायच्या. अण्णांनी चष्मा पुसला. सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली होती, वर कसं लिहायचं हे त्यांना शिकवायला नको होतं. ते एका बोटाने टाइप करत होते आणि भांडी विसळणाऱ्या धाकटीच्या खिशात फोन थरथरला, तेव्हा तिने हात पुसून वाचलं:

“प्रति, माननीय व्यवस्थापक, ‘पुरे’ कार्यालय. विषय: ‘थांबा’ या शब्दाचे अक्षर बदलून मिळण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या फोनवर दिसणारे अक्षर पाहण्यायोग्य नाही. ते कोणी काढले याच्याशी अर्जदारास कर्तव्य नसून सदर व्यक्ती सज्जन आहे व लिफ्ट उत्तम तपासते. तथापि दोन सावल्या व एक फूल यांचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. सुधारित नमुने स्वतंत्रपणे पाठवीत आहे. सबब, सदर अक्षर विनाविलंब रद्द करून योग्य अक्षर बसवून मिळावे, आणि तसे होईपर्यंत अर्जदारास तलफ येईल त्या प्रत्येक वेळी जागेवर पाहणी करून नवीन दोष कळविण्याची लेखी परवानगी असावी, ही नम्र विनंती.”